दिव्यात तेल आधी भरावं लागतं : केडगाव, १८९७

जगात कुठे युद्ध पेटलं, भूकंप झाला किंवा नवा आजार आला की दोन दिवसांत आपल्या मोबाईलवर व्हिडिओ यायला लागतात. शेवटचा काळ आला आहे, तयार राहा! मागे करुण संगीत, वर लाल अक्षरं आणि खाली कुठल्यातरी प्रचारकाचा खाते क्रमांक. २०२० च्या मार्चमध्ये चर्चची दारं बंद झाली तेव्हा तर याचा पूर आला होता. तो अजूनही ओसरलेला नाही. ख्रिस्ती घरांतून हे जास्त फिरतं, कारण तयार राहण्याची आज्ञा त्यांच्या शास्त्रात खरोखरच आहे. घाबरवणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

मी पाळक नाही, शास्त्राचा पंडितही नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला, तालुक्याच्या गावात बातम्या देणारा माणूस आहे आणि जुन्या गोष्टी वाचायची खोड आहे. पण एवढं नक्की सांगू शकतो की याच्यापेक्षा कितीतरी वाईट दिवस आपल्या पुणे जिल्ह्याने पाहिलेले आहेत. त्या दिवसांत ख्रिस्ती माणसाने तयार असणं म्हणजे काय, हे बघायचं असेल तर लांब जायला नको. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव स्टेशन आहे, तिथे उतरायचं. (नगरजवळचं केडगाव वेगळं. हे दौंड तालुक्यातलं.) तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे.

आधी शास्त्रात काय आहे ते थोडक्यात. मत्तयाच्या शुभवर्तमानात दहा कुमारींचा दृष्टांत आहे. वराची वाट बघत दहाही जणी थांबल्या आहेत, उशीर झाल्यावर दहाही जणींना झोप लागते. झोप लागल्याबद्दल कुणालाच दोष दिलेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फरक एवढाच की पाच जणींनी दिव्यासोबत जादा तेल आणलेलं होतं. वर कधी येणार हे त्या पाच जणींनाही माहीत नव्हतं. त्याच्याच आधीच्या अध्यायात येशू सांगतो की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे तारीख सांगणारा बुवा तिथेच बाद होतो.

दुसरी गोष्ट थेस्सलनीकाची. तिथल्या मंडळीत काही लोक कामधंदा सोडून बसले होते. प्रभूचा दिवस जवळ आलाय, नव्हे आलाच, अशी हवा तिथे झाली होती. पौलाने त्यांना पत्रातून सरळ सुनावलं की जो काम करायला तयार नाही त्याने जेवायलाही बसू नये. ही भाषा कडक आहे. शेवटच्या काळावरच्या व्हिडिओंत हे पत्र फारसं कुणी वाचून दाखवत नाही.

आता रमाबाई. त्यांचं चरित्र बहुतेकांना शाळेतल्या धड्यापुरतं माहीत असतं, त्यामुळे एक प्रसंग जरा तपशिलात सांगतो. बाकी सगळं त्यातून निघतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी समाजाचा रोष घेतला होता. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरायचं. दानधर्म, अनुष्ठानं, ब्राह्मणभोजनं यांत होता नव्हता तो पैसा गेला. मग १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. घरातली भांडीकुंडी, दागिने विकून झाले. पुराण सांगण्याशिवाय पोट भरण्याची दुसरी विद्या कुणालाच येत नव्हती आणि दुष्काळात पुराण ऐकणार कोण? शेवटी म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी मजुरी करीन, पण हे नको. वडील त्यानंतर लवकरच गेले. पाठोपाठ आई, मग मोठी बहीण. उरलेली दोघं भावंडं हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथे या विशीतल्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या.

पुढे भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावींशी लग्न झालं, मनोरमा जन्मली आणि १८८२ साली नवराही पटकीने गेला. वयाची पंचविशी व्हायच्या आत या बाईने घरातली पाच माणसं गमावली होती. 'अनिश्चित काळ' हा शब्द आपण हल्ली शेअर बाजार पडला तरी वापरतो.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्याने इथे केवढं वादळ उठलं हे वेगळं सांगायला नको. पण रमाबाई तिथल्या मिशनरी मंडळींनाही सोप्या गेल्या नाहीत. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, इथपासून ते त्रैक्याच्या सिद्धांतापर्यंत त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घातला. पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी फार प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म आधी सापडला, प्रत्यक्ष ख्रिस्त सापडायला त्यानंतर आठेक वर्षं लागली. त्या आठ वर्षांत त्यांनी अमेरिकेत व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं, ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडलं, १८९० मध्ये ते पुण्याला आणलं. आतलं समाधान नसताना बाहेरचं काम थांबलं नव्हतं. 'मन तयार झालं की सुरुवात करू' म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

पुण्यात १८९३ साली भडका उडाला. रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा मुलीही येऊन बसतात, त्यांचं धर्मांतर चाललंय, असा आरोप झाला. 'केसरी'ने झोड उठवली. सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांसारखी मोठी माणसं बाहेर पडली. पालकांनी मुली काढून नेल्या.

या काळात रमाबाईंनी काय केलं, तर शेत घेतलं.

कारण हिशेबाचं होतं. अमेरिकेत बोस्टनला १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने शारदा सदनाला दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं होतं. ती मुदत १८९८ च्या सुमाराला संपणार होती. मग मुलींनी खायचं काय? म्हणून त्यांनी केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली आणि आंबा, संत्री, लिंबू अशी फळझाडं लावली. फळं विकून सदन चालवायचं असा बेत. दौंड भागातली जमीन तेव्हा कशी असेल याची कल्पना आपल्याला आहे. मुळशीचा पाऊस इथे पडत नाही. पुण्यातल्या शहाण्या माणसांना ही बाई वेडी वाटली असेल.

याच सुमाराला, १८९६ साली, रमाबाई आपल्या पंधरा ख्रिस्ती मुलींना घेऊन लोणावळ्याच्या प्रार्थना शिबिराला गेल्या. तिथे त्यांनी एक विचित्र प्रार्थना केली. या पंधराचा वर्ग होऊ दे. पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे दोनशे पंचवीस. पुण्याच्या सदनात तेव्हा दोनशे पंचवीस माणसं राहतील एवढी जागाच नव्हती. पण प्रार्थना गणितात केली होती.

त्याच वर्षी पावसाने दगा दिला. मध्य प्रांतात दुष्काळ पडला, पोरक्या मुली आणि बालविधवा रस्त्यावर आल्या. त्यांना पळवणारे, विकणारे दलालही रस्त्यावर आले. रमाबाईंनी हे सगळं वीस वर्षांपूर्वी अंगावर सोसलं होतं. त्या स्वतः तिकडे गेल्या, निवारा छावण्यांतून, झाडांखालून मुली गोळा केल्या. काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली आल्या. वर्गाचा आकडा मागे पडला.

आणि नेमका तेव्हाच प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत निघाला, वर्ष संपता संपता पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. २०२० साली आपल्याला घरात बसवताना जो कायदा वापरला, तो हाच. पुणे शहरात नवीन मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. तीनशे उपाशी, आजारी, उवा-खरजेने भरलेल्या मुली घेऊन जायचं कुठे?

केडगावला. शेत होतं ना.

राहुट्या आणि तट्ट्यांच्या झोपड्या उभारून त्या शेतात मुलींची सोय झाली. संत्र्यांसाठी घेतलेली जमीन माणसांच्या कामी आली. पुढे पक्क्या इमारती झाल्या आणि जागेचं नाव पडलं मुक्ती. हे नाव यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या एका वचनावरून घेतलं आहे, ज्यात नगरीच्या तटांना तारण हे नाव दिलेलं आहे.

मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात जड वाटते. रमाबाईंना दुष्काळ येणार हे माहीत नव्हतं. प्लेग येणार हे तर कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी जमीन घेतली ती दुसऱ्याच संकटासाठी, पैशाची मुदत संपणार म्हणून. बायबलात योसेफाला मिसर देशातला दुष्काळ सात वर्षं आधी स्वप्नाच्या अर्थातून कळला होता, म्हणून त्याने कोठारं भरली. रमाबाईंना असं स्वप्न कुणी सांगितलं नव्हतं. तरी कोठार होतं.

प्लेगच्या दिवसांतली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. रँडच्या अंमलातल्या घरझडत्या आणि चापेकर बंधू आपल्याला ठाऊक आहेत. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच्या महिनाभर आधी, मे महिन्यात, रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात जाहीर पत्र लिहिलं. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत तरुण बायका सुरक्षित नाहीत, माझीच एक मुलगी तिथे नेली ती परत मिळाली नाही, असं स्पष्ट लिहिलं. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी बाईंचं म्हणणं दिशाभूल करणारं ठरवून झटकून टाकलं.

विचार करा. राज्यकर्ते ख्रिस्ती, देणगीदार ख्रिस्ती, बाई स्वतः ख्रिस्ती. गावातले हिंदू पुढारी आधीच विरोधात. अशा वेळी गप्प बसणं फार सोयीचं होतं. पण एक मुलगी हरवली होती. शेवटच्या काळाच्या गप्पा मारणारी मंडळी सरकारी छावणीत हरवलेल्या एका मुलीसाठी गव्हर्नरला शिंगावर घेताना मी तरी पाहिलेली नाहीत.

१८९९-१९०० मध्ये गुजरात-राजस्थानात छप्पनियाचा दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ म्हणून छप्पनिया. तिथूनही मुली आल्या आणि मुक्तीत दोन हजारांच्या आसपास माणसं झाली. आजही एवढ्या माणसांचं रोजचं जेवण म्हणजे एखाद्या साखर कारखान्याच्या कॅन्टीनचा व्याप. तिथे शाळा होती, शेती होती, माग होते, तेलाचा घाणा होता, शिवण होतं, छापखाना होता. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं जाई. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळं होतं. प्रत्येकीच्या हातात एक तरी कसब पाहिजे हा दंडक होता. पुराण सांगण्याशिवाय दुसरं काही येत नाही म्हणून माणसं कशी मरतात हे त्या बाईने आपल्या आईबापांच्या रूपात बघितलेलं होतं.

पैसा कुठून यायचा? ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने कुणापुढे हात न पसरता नुसत्या प्रार्थनेवर अनाथालयं चालवली, त्याचा रमाबाईंवर मोठा प्रभाव होता. त्या देवाकडे मागत. पण १८९८ ला मुदत संपल्यावर त्या अमेरिकेला जाऊन असोसिएशनची फेररचनाही करून आल्या, आणि 'मुक्ती प्रेअर बेल' नावाचं वार्तापत्र काढून दूरदूरच्या लोकांना इथली खबर देत राहिल्या. प्रार्थना आणि पत्रव्यवहार, दोन्ही. काही भाविकांना यात विसंगती वाटते. मला वाटत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. भुकेल्या मुलीला भाकरी देता देता धर्म देणं योग्य का? केडगावच्या बऱ्याच मुलींचा पुढे बाप्तिस्मा झाला, काहींचा इथल्या भीमा नदीत. टीका तेव्हाही झाली, आजही होते. माझं मत विचाराल तर प्रश्न रास्त आहे. उपाशी पोराच्या 'हो'ला किती किंमत द्यायची हे विचारलंच पाहिजे. पण तो विचारताना आपण हेही विचारावं की त्या मुली झाडाखाली पडल्या होत्या तेव्हा बाकीचे कुठे होते. दोन्ही प्रश्न एकाच वेळी हातात धरता येतात.

आता १९०५. मुक्तीच्या इतिहासात हे साल संजीवनाचं म्हणून सांगितलं जातं. जानेवारीत रमाबाईंनी रोज पहाटे प्रार्थनेला कोण येईल असं विचारलं, सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत रोज दोनदा साडेपाचशे जणी जमायला लागल्या. जूनच्या अखेरीस एका रात्री वसतिगृहात जे सुरू झालं, त्यात रडणं होतं, पापांची कबुली होती, मोठमोठ्याने प्रार्थना होती. पुढे काही मुली अनोळखी भाषांत बोलू लागल्या अशाही नोंदी आहेत. ख्रिस्ती जगात या घटनेची मोठी चर्चा झाली. कुणी तो पवित्र आत्म्याचा वर्षाव मानला, कुणी नुसता भावनेचा उद्रेक. मी त्यात निवाडा करणार नाही.

मला त्यातला जानेवारी ते जून हा काळ महत्त्वाचा वाटतो. त्या सहा महिन्यांत बातमी होण्यासारखं काहीच घडत नव्हतं. पहाटे उठायचं, जमायचं, गुडघे टेकायचे आणि मग घाण्यावर, मागावर, शाळेत जायचं. सत्तराच्या साडेपाचशे व्हायला हे रोजचं, कंटाळवाणं येणं कारण झालं. व्हिडिओत दाखवण्यासारखं त्यात काही नसतं. पुढे यातल्याच मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत जाऊ लागल्या.

मग शेवटचं मोठं काम. रमाबाई चाळिशी ओलांडल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण त्यांना बायबल साध्या मराठीत आणायचं होतं. मराठी बायबल होतं की. विल्यम केरीपासून भाषांतरं झालेली होती. पण रमाबाईंच्या मते ती भाषा संस्कृत शब्दांनी जड झाली होती आणि काही शब्दांना जुन्या धर्मकल्पना चिकटलेल्या होत्या. खेड्यातल्या बाईला, त्यांच्या मागावर बसणाऱ्या मुलीला, कुणी अर्थ न सांगता वाचता आलं पाहिजे असं त्यांना हवं होतं. संस्कृतच्या पंडितेने संस्कृत बाजूला ठेवायची ही गोष्ट आहे. अठरा वर्षं हे काम चाललं. मूळ भाषांतून अख्खं बायबल एकट्या बाईने भाषांतरित केल्याची उदाहरणं जगात बोटावर मोजण्याइतकी असतील, आणि त्यातलं एक आपल्या दौंड तालुक्यात झालं.

संस्थेच्या पुढच्या काळाचीही तयारी होती. मुलगी मनोरमा शिकून आलेली, मुक्तीची शाळा बघायची, गुलबर्ग्यालाही तिने शाळा काढली होती. आईनंतर तीच, हे सगळे धरून चालले होते. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. चाळिशीची होती.

ही तयारी कामी आली नाही. पुढची सोय लावता येते, लेकीच्या मरणाची सोय कशी लावणार? चौसष्टाव्या वर्षाकडे झुकलेली, कानाने अधू झालेली ती बाई पुन्हा टेबलाशी बसली, कारण शेवटची तपासणी राहिली होती. त्यांनी काम पुरं करण्यापुरते दिवस देवाकडे मागून घेतले असं मुक्तीत सांगतात. मुद्रितं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना खिळे जुळवणं म्हणजे काय ते माहीत आहे. एक एक अक्षर चिमटीत धरून, उलटं वाचत, ओळ बांधायची. डोळे जातात. बायबलासारखा ग्रंथ असा जुळवायला वर्षं लागतात. केडगावच्या छापखान्यात ते काम मुलींनीच केलं. अक्षरओळखही नसलेल्या अवस्थेत दुष्काळातून इथे आलेल्या कितीतरी मुली या छापखान्यात तयार झाल्या होत्या. बाई गेल्यावर काम थांबलं नाही. १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला.